पंखेवाल्या कोळंबीची कैफियत

घरच्या काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातील कोळंबी पाळू इच्छिणाऱ्या मंडळींच्या हिताकरिता, आणि ज्या दुकानदाराने सारा दोष माझ्या माथी मारून माझी बोळवण केली त्याच्या आरोपाचे निरसन व्हावे म्हणूनही, हा मजकूर लिहीत आहे.

व्यापारात जिला बांबू श्रिंप म्हणतात आणि प्राणिशास्त्रात जिची नोंद अॅटिऑप्सिस मोलुकेन्सिस या नावाने आहे, ती कोळंबी मूळची आग्नेय आशियातील वाहत्या ओढ्यांतली. इतर कोळंब्यांप्रमाणे पकडण्याजोगे चिमटे तिच्याजवळ नसतात. पुढल्या पायांच्या दोन जोड्यांच्या अग्रांशी सूक्ष्म केसांचे झुपके असतात, ते ती प्रवाहाच्या दिशेने पंख्यांसारखे उघडते आणि वाहत आलेले शेवाळाचे व कुजलेल्या पानांचे कण त्यांत अडकले की एकेक पंखा मिटून मुखाशी नेते. प्रवाहातून गाळून घेणे हीच तिची उपजीविका.

दुकानातल्या टाकीत मात्र मी घेतलेल्या चारही कोळंब्या तळाच्या वाळूवर उतरून पंखे मिटून खरवडत होत्या, आणि तेच दाखवून तो गृहस्थ म्हणाला, “साहेब, बघा कशी झाडलोट करते! हिला खायला घालावे लागत नाही. माशांचे उरलेसुरले वेचून टाकी लख्ख ठेवते.” पावतीवरही त्याने स्वहस्ते ‘टाकी साफ करणारी कोळंबी’ असे लिहिले. ती पावती अद्याप माझ्या दप्तरी आहे.

घरी आल्यावरही त्यांचा तोच उद्योग चालू राहिला, आणि त्याच्याच सांगण्यावरून आम्ही घरची माणसे तो कौतुकाने पाहत राहिलो. पुढे एकेक करून तीन गेल्या. चौथीही मंदावली, तेव्हा प्राणिशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेले माझे एक वयोवृद्ध स्नेही सहज घरी आले होते, टाकीपुढे खुर्ची ओढून ते बराच वेळ निरखीत बसले आणि म्हणाले, “अहो, ही झाडलोट नव्हे. ही उपाशी आहे. पाण्यातून काही मिळेना, म्हणून ती तळ चाचपते आहे.” ज्या हालचालीवर आम्ही इतके दिवस संतोष मानला ती भुकेची याचना होती, आणि ती दुकानातच सुरू झालेली होती, हे त्या एका वाक्यात उमगले, त्या रात्री मला झोप आली नाही.

दुकानदाराकडे खुलासा मागण्यास गेलो, तर त्याने आधी माझ्या टाकीतील पाण्याला दोष दिला. पाण्याची तपासणी मी केलेली होती. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य. तेव्हा “कोळंबीच ती, मरणारच, दुसरी न्या, भावात सवलत देतो,” असे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि त्यालाही तळाकडे बोट दाखवून तेच शब्द ऐकवू लागला. ‘दुसरी न्या’ म्हणणे सोपे, पण ह्या जीवाच्या पिलांना वाढण्यास खारे पाणी लागते, त्यामुळे घरच्या टाकीत त्यांची पैदास जवळजवळ अशक्य असते. बाजारात येणारी कोळंबी सामान्यतः रानच्या ओढ्यातून धरलेली आणि लांबचा प्रवास सोसून आलेली असते. अशा जीवाला विक्रीपर्यंत उपाशी ठेवणे हा अपराध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथी वाचली, आणि तिच्या वाचण्यातूनच पुढचे शिकलो. स्पिरुलिनाची पूड किंवा माशांचे कोरडे खाद्य पिठासारखे वस्त्रगाळ करून, चिमूटभर, थोड्या पाण्यात कालवून प्रवाहाच्या मुखाशी सोडावे. त्या वेळी फिल्टरचा बारीक स्पंज थोडा वेळ काढून ठेवावा, एरवी सारे अन्न तोच गिळतो, परंतु पाण्याचा झोत बंद करू नये. झोतासमोर लाकडाचा ओंडका असावा. तिला उंचावर बसून पंखे उघडायला आवडते. अन्न जास्त झाले तर पाणी नासते. नवी, काल-परवा भरलेली टाकी हिच्यासाठी नव्हे. काही महिने मुरलेली हवी. माशांच्या औषधांत पुष्कळदा तांबे असते आणि ते कोळंबीला घातक ठरते, म्हणून बाटलीवरील तपशील वाचल्याखेरीज एक थेंबही घालू नये. कात टाकल्यावर ती दडून बसते. ओंडके हलवून तिला शोधू नये. पाणी बदलताना क्लोरीन घालविण्याची तजवीज करावी, हे सर्वांस ठाऊकच आहे.

खरेदीच्या वेळी मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. कोळंबी झोतासमोर पंखे उघडून बसली आहे काय, ते पाहावे. तळ खरवडत असेल तर आपल्यासमोर पूड सोडावयास सांगावे आणि ती वर येऊन पंखे उघडते की नाही याची खातरजमा करावी. पूड सोडण्यास जो दुकानदार इनकार करील, त्याच्याकडून ती मुळीच घेऊ नये, मग तो भावात कितीही सवलत देवो.