लाकडी कोळशाची छोटी भट्टी

बकरी ईद जवळ आली की सुरे-सत्तूरांना धार लावून घेण्यासाठी आपल्या शिकलगार बंधूंकडे रांग लागते. धार लावून दिवसाची मजुरी सुटते. परंतु तोच सुरा स्वतः घडवून विकला तर मिळकत वेगळीच. यासाठी मोठे दुकान किंवा व्याजाचे कर्ज लागत नाही. परसात चार हात जागा पुरते. कुरआन शरीफमध्ये लोखंडाच्या नावाची स्वतंत्र सूरह (अल्-हदीद) आहे आणि हजरत दाऊद (अ.स.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे. तेव्हा या कसबाला कोणी हलके समजू नये.

दगडी कोळशापेक्षा लाकडी कोळसा नवशिक्याला बरा. त्यात गंधक नगण्य असते, तो लवकर पेटतो आणि भट्टीच्या तळाशी खंगर जमत नाही. मात्र तो लवकर जळतो आणि ठिणग्या फार उडवतो. बाभळीसारख्या जड लाकडाचा कोळसा घ्यावा, लिंबाएवढा फोडावा आणि चाळावा. भुगा हवेची वाट बुजवतो.

भट्टीसाठी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापावी. आत चिकणमाती, वाळू व राख मळून भरावी आणि मधोमध सुमारे ५ इंच रुंद व तितकाच खोल खळगा ठेवावा. पाऊण इंची लोखंडी नळी बाजूने आणून तिचे तोंड खळग्याच्या तळापासून दीड-दोन इंच वर उघडावे. नळी साधी काळी हवी. जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी तापली की जस्ताचा धूर निघतो व त्याने थंडीताप भरतो. माती सावलीत पूर्ण वाळू द्यावी, पहिला जाळ मंद ठेवावा. ओली माती एकदम तापली की तडकून उडते. हवेसाठी हाताने फिरवायचा पंखा उत्तम. विजेचा पंखा सतत फुंकत राहतो आणि कोळसा फुकट जातो.

खरी मेख जाळात आहे. नळीच्या तोंडाशी हवा ताजी असते. तिथे लोखंड धरले तर त्यावर पापुद्रा चढतो आणि माल झिजतो. तेथून दोन-तीन इंच वर, जिथे हवा कोळशाने खाऊन टाकलेली असते, तिथे लोखंड आडवे ठेवावे व वर कोळशाचा ढीग असावा. नारिंगी-पिवळ्या रंगावर ठोकावे, लाली मंदावली की पुन्हा जाळात घालावे. थंड पोलाद ठोकले तर चिरते. पांढरे होऊन ठिणग्या फुटू लागल्या म्हणजे ते जळाले.

ऐरणीसाठी भंगारातला जाड पोलादी ठोकळा किंवा ट्रकच्या आसाचा तुकडा लाकडी ओंडक्यावर उभा बसवावा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा स्वस्त मिळाला तरी पावतीशिवाय घेऊ नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा १९६६ नुसार चोरीच्या संशयाचा माल जवळ सापडला, तर तो रीतसर मिळवल्याचे आपल्यालाच सिद्ध करावे लागते, आणि शिक्षा ५ वर्षांपर्यंतची आहे.

सुऱ्यासाठी मोटारीचा कमानपाटा चांगला. साध्या सळईला पाणी बसत नाही. घडवलेले पाते तापवत लोहचुंबकाला लावून पाहावे. चुंबक पकडेनासा झाला (सुमारे ७७० अंश) की थोडे अधिक तापवून कोमट तेलात बुडवावे. पाण्यात हे पोलाद बऱ्याचदा तडकते. तेलाचा डबा खोल, लोखंडी व झाकणाचा असावा, कारण तेल पेट घेते. नंतर पाते घासून चकचकीत करावे व पाठीकडून हळूहळू तापवावे. धारेवर गवतासारखा पिवळा रंग आला की सुरा झाला. सत्तुराला तपकिरी रंगापर्यंत जाऊ द्यावे, नाहीतर हाडावर धार तुटते.

वाईट संगतीला प्रेषित (सल्ल.) यांनी लोहाराच्या भात्याची उपमा दिली आहे, कारण तो कपडे जाळतो. हदीस संगतीविषयी आहे, पण कपड्यांचे म्हणणे अक्षरशः खरे! सुती कपडे व चष्मा वापरावा, नायलॉन-टेरिकॉट नको. पावसाळ्यात भट्टी खोलीत घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. धगधगत्या निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि बंद खोलीत माणूस झोपल्या जागी मरतो. वर पत्रा, पण चारही बाजू मोकळ्या, अशी शेडच हवी.

काम संपल्यावर उरलेले निखारे चिमट्याने घट्ट झाकणाच्या डब्यात घालावेत. हवा तुटली की ते विझतात आणि दुसऱ्या दिवशी तोच कोळसा नव्यापेक्षा लवकर पेटतो.