डबा कोण भरणार?

शंका : यजमान सहाच्या सुमाराची लोकल पकडतात, मुलगी दहावीला आहे, सासूबाईंना साडेपाचला चहा लागतो. मी कथा लिहिते. पहाटे उठून लिहायचं ठरवते, पण आठवडाभरात मोडतं. माझ्यात चिकाटी कमी आहे का?
– एक वाचक, पनवेल

समाधान : चिकाटीचा इथे काही संबंध नाही, ताई. झोपता किती वाजता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण मागचं आवरता आवरता साडेअकरा होत असणार. पाच तासांच्या झोपेवर कुणीही आठवड्यात ढेपाळेल. रात्रीची मालिका सोडा, दहाला पाठ टेका.

पहाटे लिहिण्याचा विषय निघाला की अँथनी ट्रोलोपचं नाव हमखास येतं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून हा इंग्रज कादंबरीकार साडेपाचला टेबलाशी बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला 250 शब्द लिहायचा. पण 1883 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यानं आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तुमच्याकडे साडेपाचचा चहा तुम्हीच टाकता!

तेव्हा आधी घरात बोला. भाजी रात्री चिरून ठेवा. सासूबाईंचा चहा आणि स्वतःचा डबा भरणं यजमानांकडे द्या. आईचा चहा मुलानं केला तर काही बिघडत नाही. साडेचार ते सव्वापाच तुमचे. ओट्यापाशी मात्र बसू नका, तिथं कडधान्य भिजवायचं राहिलेलं आठवतं. गजराला साधं घड्याळ घ्या. मोबाइल हातात आला की सुप्रभातच्या गुलाबांतच पाऊण तास जातो. बसल्यावर आधी कालचं लिखाण वाचा. ट्रोलोप त्यात अर्धा तास घालवायचा, तुम्हाला पाच मिनिटं पुरेत.

तरीही जमलं नाही, तर पहाटेचा हट्ट सोडा. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवत. त्यांचं आत्मकथन ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपानं आलं. तुमच्यावर वही लपवायची वेळ येऊ नये, म्हणूनच घरात बोला म्हणतो.

शंका : सकाळी घरात शांतता नसते. लोकलमध्ये लिहिलं तर चालेल का?
– एक नोकरदार, नवीन पनवेल

समाधान : जरूर. गाडी पनवेललाच सुटते, त्यामुळे जरा आधी गेलात तर खिडकी मिळते. सीएसएमटीपर्यंत सुमारे 80 मिनिटं हातात असतात, पण सगळी लिहिण्याची नव्हेत. नेरूळपर्यंत लिहा, वाशीनंतर कोपर हलवायलाही जागा उरत नाही, तेव्हा लिहिलेलं वाचा. हलत्या गाडीतलं अक्षर दोन दिवसांनी आपलं आपल्यालाच लागत नाही, तेव्हा त्याच रात्री ते नीट उतरवून काढा.