चष्मा, लेन्स की लेझर?



गेल्या पालक सभेनंतर नववीतील एका मुलीची आई थांबून राहिल्या. मुलीचा नंबर वजा साडेतीन. "सर, चष्म्यात मुलगी कशीतरीच दिसते. लेझरने एकदाचा नंबर घालवून टाकावा म्हणते," त्या म्हणाल्या. वर्गशिक्षिकेकडून मला आधीच कळले होते की मुलगी चष्मा दप्तरातच ठेवते आणि फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. गणितातले गुण उगाच घसरले नव्हते. हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून हा लेख.

या दोषाला मराठी पुस्तकात निकटदृष्टिता म्हणतात. मी हिंदी माध्यमात शिकलो, आम्ही 'निकट दृष्टि दोष' पाठ केला होता. नाव कोणतेही असो, कारण बहुधा एकच: नेत्रगोल गरजेपेक्षा लांब वाढतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. मोठ्या माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. त्यात एक मिलिमीटर जास्त झाला तरी सुमारे अडीच नंबर वाढतो.

लेझरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, नवा आकार देतात. दिसू लागते, पण नेत्रगोलाची लांबी तेवढीच राहते. म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी शस्त्रक्रियेनंतरही दृष्टिपटलाची तपासणी करत राहावे लागते. शिवाय वय १८ पूर्ण हवे आणि निदान वर्षभर नंबर स्थिर हवा. पारपटल पातळ असेल, शंकूसारखे होत असेल किंवा डोळे फार कोरडे असतील, तर डॉक्टर नाही म्हणतात. मग दुसरे मार्ग कोणते?

१. चष्मा : सर्वांत सुरक्षित आणि स्वस्त. अंतर्वक्र भिंग प्रतिमा मागे सरकवून दृष्टिपटलावर आणते. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा गैरसमज आहे.

२. कॉन्टॅक्ट लेन्स : १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्टर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरीच यंत्र बनवले आणि मऊ लेन्स तयार केल्या. लेन्स वापरायची तर शिस्त हवी. हात धुऊन, कोरडे करूनच ती हाताळावी, नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, घालून झोपू नये. निष्काळजीपणाने पारपटलाला जंतुसंसर्ग होऊन दृष्टी जाऊ शकते.

३. रात्रीची कडक लेन्स : ही झोपताना घालतात. पारपटल तात्पुरते चपटे होते, दिवसा चष्म्याविना दिसते. वापर थांबवला की नंबर परत येतो. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोच.

४. डोळ्यात बसवायची लेन्स : नैसर्गिक भिंग न काढता त्याच्या पुढे ही लेन्स बसवतात. पारपटल पातळ आहे किंवा नंबर फार मोठा आहे, अशा प्रौढांना ती उपयोगी पडते. गरज पडल्यास काढता येते, पण हीदेखील शस्त्रक्रियाच आहे.

डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा सुटतो, अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. व्यायामाने लांबलेला नेत्रगोल आखूड होत नाही. मात्र लहान मुले रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात राहिली, तर निकटदृष्टिता सुरू होण्याची शक्यता कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून खेळाचा तास हा वाया गेलेला तास समजू नये. नंबर वेगाने वाढत असेल, तर मुलांसाठी अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंबही असतात, पण ते नेत्रतज्ज्ञांनीच द्यावेत.

मुलांनो, सोमवारी वर्गात एक करा. शेवटच्या बाकाजवळ उभे राहा, आळीपाळीने एकेक डोळा तळहाताने झाका आणि फळा वाचा. अक्षरे पुसट दिसली, तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. आणि कोणाला 'चष्मिश' म्हणून चिडवू नका. त्या एका शब्दापायी चष्मा दप्तरात जातो.

त्या आईंना मी एवढेच म्हणालो, "ताई, लेझरचे तिचे तिला अठरा वर्षांनंतर ठरवू द्या. तोवरची चार वर्षे तिला फळा तर दिसू द्या."