नोकरी नसली, तरी पदवीदानाला जाच

पदवीदान समारंभाची तारीख जाहीर झाली की माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. सीईटीच्या कॅप राउंडमध्ये कोणतं कॉलेज वर टाकायचं, कॉम्प्युटर मिळालं नाही तर ईएनटीसी चालेल का, असं भरभरून विचारणारे हेच पालक चार-साडेचार वर्षांनी आवाज खाली आणून बोलतात. "सर, अजून कुठे लागला नाही. समारंभाला पाठवू की नको? सगळे विचारतील." पुष्कळ घरांत मुलानं किंवा मुलीनं निर्णय आधीच घेतलेला असतो. "मी नाही जाणार. फॉर्म भरला की डिग्री पोस्टानं येते."

त्या सगळ्या मुलांना माझं सांगणं आहे, जा. आणि पालकांना सांगणं आहे, मुलाबरोबर तुम्हीही जा.

आधी हे अवघडलेपण येतं कुठून ते पाहू. आठव्या सेमिस्टरची परीक्षा उन्हाळ्यात होते, निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागतो आणि समारंभ बहुतेक ठिकाणी त्यानंतर कित्येक महिन्यांनी होतो. मधल्या काळात एकाच बाकावर बसलेल्या मुलांच्या वाटा वेगळ्या झालेल्या असतात. कुणी हिंजवडीत रुजू झालेला असतो, कुणी परदेशी गेलेला असतो, कुणाच्या हातात ऑफर लेटर असून जॉइनिंगची तारीख पुढे पुढे ढकलली जात असते, आणि कुणी घरीच असतो. शेवटची परीक्षा संपली तेव्हा सगळे सारखे होते. समारंभाच्या दिवशी तसे राहत नाहीत, म्हणून पाय निघत नाही.

या भावनेमागे जुनं कारण आहे. पुण्यात १८५४ साली 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं, तेच पुढचं सीओईपी. सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती यांच्या कामांवर शिकलेली माणसं हवी होती, म्हणून ते निघालं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. शिक्षण आणि नेमणूक या एकाच साखळीच्या कड्या होत्या. 'इंजिनिअर झाला म्हणजे लागला' हे समीकरण आपल्या घरांत तेव्हापासून मुरलं. १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, गावोगावच्या मुलांसाठी दारं उघडली, आणि ती साखळी कायमची तुटली. आज कोणतंही विद्यापीठ पदवीसोबत नोकरी देत नाही. ठरलेले क्रेडिट्स तुम्ही पूर्ण केले, एवढंच ते सांगतं. एआयसीटीईच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांचे १६० क्रेडिट्स धरले आहेत. एम-थ्री दोनदा देऊन सोडवलेली असेल, रात्र-रात्र जागून सबमिशन्स पुरी केली असतील, व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकासमोर घाम फुटला असेल, ते सगळं त्या १६० मध्ये आहे. ते तुमचं कमावलेलं आहे. ते घ्यायला मान खाली घालून जायचं कारण नाही.

जाण्याचं दुसरं कारण व्यवहाराचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं आहे. तुमच्या बॅचची जी मुलं सहा-आठ महिने नोकरी करताहेत, ती त्या दिवशी एका आवारात भेटतात. कंपनीत नवशिक्याकडून नेमकं काय मागतात, हे त्यांच्याइतकं ताजं कुणालाच ठाऊक नसतं. प्राध्यापकांना नाही, क्लासवाल्यांना नाही, मलाही नाही.

अशाच एका समारंभानंतर मांडवाबाहेर मेकॅनिकलच्या मुलांचा घोळका उभा होता. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलेला मुलगा आपली मुलाखत सांगत होता. त्याच्यासमोर एका सुट्या भागाचं ड्रॉइंग ठेवलं आणि त्यावरची जीडी अँड टीची चिन्हं वाचायला सांगितली. मग व्हर्निअर हातात देऊन माप घ्यायला लावलं, लीस्ट काउंट विचारला. प्रोजेक्टबद्दल एकच प्रश्न आला, तोही "यातलं तू स्वतः काय केलंस" एवढाच. शेजारी एक मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. आवड नसताना, सगळे करतात म्हणून, ती कित्येक महिने पायथॉनचे व्हिडिओ पाहत होती. तिचं मन मशीनवरच्या कामात होतं. तिनं तिथंच त्याला विचारलं, "सीएमएम शिकायचं तर कुठे?" त्यानं आपल्या सुपरवायझरला विचारून सांगतो म्हटलं आणि नंबर घेतला. रेफरल म्हणतात ते असंच सुरू होतं. घरी बसून पोर्टलवर शंभर अर्ज टाकले तरी हा संवाद होत नाही.

म्हणून मुलांनी दोन-तीन प्रश्न ठरवून जावं. तुझ्या मुलाखतीत काय विचारलं, पहिल्या तीन महिन्यांत काय नव्यानं शिकावं लागलं, तुमच्याकडे फ्रेशर घेतात तेव्हा कुणाकडे अर्ज जातो. "कुठे आहेस?" असं कुणी विचारलं, तर "अजून शोधतोय, डिझाइनमध्ये बघतोय, काही निघालं तर कळव" असं सरळ सांगावं. लपवणाऱ्याला मदत कशी करायची, हे मित्रांनाही कळत नाही.

आता पालकांशी थोडं पॅकेजबद्दल. त्या दिवशी सभागृहात शेजारच्या खुर्चीवरून "माझ्याला सहा लाखांचं पॅकेज" असं ऐकू येतं आणि पोटात गोळा येतो. त्या सहा लाखांचा हिशेब मांडून बघा. सहा लाख म्हणजे महिन्याला ५० हजार, पण कागदावर. समजा मूळ वेतन २५ हजार आहे. मालकाचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे ३ हजार, बहुतेक कंपन्या याच आकड्यात धरतात. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, तेही यातच. आणि ती रक्कम सहसा पाच वर्षं टिकल्याशिवाय हाती येत नाही. व्हेरिएबल पे वर्षाला ६० हजार असेल, तर महिन्याचे आणखी ५ हजार वजा झाले. कंपनीचं आणि तुमचं काम बघून ते वर्षअखेरीस मिळतात, कधी कमी मिळतात. उरले ४०,८००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ ३ हजार आणि व्यवसाय कर २०० रुपये गेला की ३७,६०० राहतात. विम्याचा हप्ता कापला तर आणखी कमी. मग पुण्यातली कॉट बेसिसची खोली, मेस, बस किंवा पेट्रोल. ही नोकरी वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगलीच आहे. पण महिना २८ हजार रोख हातात देणारी आणि घरून जाण्यासारखी गावाजवळच्या एमआयडीसीतली नोकरी मिळत असताना मुलाला नाही म्हणायला लावणारे आईवडील मी पाहिलेत, केवळ शेजारच्या सहा लाखांशी तुलना करून. ऑफर लेटर आलं की शेवटच्या पानावरचा पगाराचा तक्ता आणि बाँडचं कलम घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचा.

पदवीच्या कागदाबद्दलही पालकांचा गोंधळ असतो. कॉलेज 'स्वायत्त' आहे म्हणजे पदवीही कॉलेजची, असं अनेकांना वाटतं. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आखतं, परीक्षा घेतं. पदवी मात्र ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याची असते. १८८७ मध्ये सुरू झालेली व्हीजेटीआय स्वायत्त असली तरी तिथल्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचं नाव असतं. सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी ते स्वायत्त होतं तेव्हा पदवी पुणे विद्यापीठाची मिळायची. नोकरीच्या किंवा परदेशी प्रवेशाच्या अर्जात 'विद्यापीठ' या रकान्यात कॉलेजचं नाव लिहिलं की पुढे पडताळणीत अडकतं.

प्रमाणपत्र हातात पडलं की फोटो काढण्याआधी नाव वाचा. देवनागरीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव अशी रचना असते. पासपोर्टवर ती वेगळी बसते, आधारवर आणखी वेगळी. क्रम वेगळा असणं सहसा निभावतं, स्पेलिंग वेगळं असणं निभावत नाही. एका अक्षराची चूक लगेच अर्ज केला तर सहज दुरुस्त होते. तीच चार वर्षांनी व्हिसाच्या वेळी लक्षात आली, तर प्रतिज्ञापत्रं आणि खेटे मागं लागतात. जे परदेशी जाणार आहेत त्यांनी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज वेळेत करावा. डिजिलॉकरवर पदवी आली का तेही पाहून घ्यावं. आली असेल तर ठिकठिकाणी मूळ प्रत दाखवत फिरावं लागत नाही.

सीजीपीएचं रूपांतर हीदेखील अशीच एक जागा. ७.२५ सीजीपीए म्हणजे साडेबहात्तर टक्के असं धरून मुलं अर्ज भरतात. एआयसीटीईच्या तक्त्यात ७.२५ ला ६५ टक्के धरले आहेत. अनेक विद्यापीठांचं सूत्र स्वतःचं असतं आणि ते सहसा मार्कशीटच्या मागं छापलेलं असतं. तेच वापरा.

ज्यांना अजून नोकरी नाही, त्यांच्यापुढे वाटा आहेत, आणि त्यातली एक घरांमध्ये फारशी माहीत नसते. केंद्राची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजना, नॅट्स, पदवीधर अभियंत्यांना कारखान्यात किंवा सरकारी उपक्रमात एक वर्षाची उमेदवारी देते. दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी केंद्राचं प्रमाणपत्र. पश्चिम विभागाचं मंडळ मुंबईत आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी ही वाट मला फार चांगली वाटते, कारण प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवरचं वर्ष बायोडेटात धरलं जातं. मात्र पदवीनंतर वर्षभराचा अनुभव किंवा प्रशिक्षण झालं असेल तर ती मिळत नाही, म्हणून आधी तिच्याकडे बघा. 'गेट'चा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर एआयसीटीईकडून महिना १२,४०० रुपये मिळतात आणि काही सरकारी कंपन्या त्यावरच मुलाखतीला बोलावतात. एमपीएससी किंवा जलसंपदा, बांधकाम खात्याच्या भरतीची तयारी करायची असेल तर अवश्य करा, पण किती प्रयत्न करायचे हे घरात आधी बोलून घ्या आणि सोबत एखादं काम धरा.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. पैसे भरून नोकरी, किंवा दोन वर्षांच्या अनुभवाचं बनावट पत्र. निकालानंतरच्या याच महिन्यांत असे फोन येतात, आणि घाबरलेले आईवडील एफडी मोडायला तयार होतात. कंपन्या रुजू होताना आणि नंतरही पार्श्वभूमीची पडताळणी करतात, पीएफच्या नोंदी बघतात. पकडलं गेलं की नोकरी जातेच, पुढच्या मुलाखतीतही त्याचा जाब द्यावा लागतो. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्या क्लासला लाखभर भरण्याआधी तिथून लागलेल्या दोन मुलांशी स्वतः बोला.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर तारखा तपासा. बहुतेक बँकांत शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत असते, मग हप्ते सुरू होतात. पदवीदान उशिरा झालं, तर त्या सवलतीचे जेमतेम काही महिने उरलेले असतात. व्याज तर मधल्या काळातही चढतच असतं. नोकरी लागलेली नसेल तर हप्ता थकण्याआधी, मुलाला बरोबर घेऊन शाखेत जा. मुदत वाढवून हप्ता लहान करता येईल का हे विचारा. एकदा हप्ता थकला की मुलाचा आणि सहकर्जदार म्हणून तुमचाही सिबिल खाली येतो.

राहिली ती मुलं, ज्यांचा एखादा विषय अडकलाय आणि म्हणून यंदाच्या यादीत नाव नाही. बॅचचे फोटो ग्रुपवर येऊ लागले की त्यांना सगळ्यांत जास्त लागतं, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यांच्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या आठवड्यात घरात समारंभाचा विषय टोमण्यासारखा काढू नका. एटीकेटीचा विषय सुटला की पदवी तीच मिळते. मुलांनी त्या विषयाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून बघावी, चुकतंय कुठे ते विषयाच्या शिक्षकांकडून समजून घ्यावं, आणि परीक्षेचा फॉर्म खुला होताच भरावा, लेट फीची वाट बघू नये. निकाल लागल्यावर प्रोव्हिजनल सर्टिफिकेट घ्यावं. नोकरीच्या बहुतेक अर्जांना ते चालतं. आणि पुढच्या पदवीदानाच्या अर्जाची सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते, कॉलेज प्रत्येकाला कळवेलच असं नाही, म्हणून ती स्वतः बघत राहावी.