आषाढात ऐकू येईल अशी शाळा

बाय, निसर्गाकडून शिकून शाळा बांधायची म्हणतेस, तर सुरुवात पानाफुलांपासून करू नकोस, छपरापासून कर. तुझा कच्चा आराखडा पाहिला. खांब झाडाच्या खोडासारखे, खिडक्या मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी, दर्शनी भिंतीवर वेल चढवलेले. दिसायला झकास. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक शाळा उघडल्यापासून घटस्थापनेच्या आत. रत्नागिरीजवळच्या आपल्या हातखंब्यात निसर्ग म्हणजे आधी हा पाऊस. त्याच्याशी ज्या इमारतीचं जमत नाही, तिच्या खांबांना कुठल्याही झाडाचा आकार दे, आषाढात तिथे शिकवणं थांबतंच.

कसं थांबतं ते ऐक. पत्र्याच्या खोलीत मी शिकवलं आहे. मोठी सर आली की तिसऱ्या रांगेतल्या मुलाला माझा शब्द कळत नसे. मग चौथीला फळ्यावर लिहून द्यायचं, ती मुलं उतरवून घेतात, वेळ निभावते. पहिलीचं काय करणार? त्यांना अजून अक्षर येत नाही. त्यांचं सगळं शिकणं कानांनी होतं, आणि आपल्या शाळांत पहिलीची सुरुवातच जूनमध्ये होते. म्हणजे ज्या महिन्यांत पोराला बाईंचा आवाज सर्वांत जास्त हवा, नेमक्या त्याच महिन्यांत तो पत्र्याखाली बुडतो. पुढे तिसरीत कुणाचं वाचन कच्चं निघालं की आपण घरचं वातावरण वगैरे बोलतो. छपराकडे कुणी बोट दाखवत नाही.

ही माझ्या एकट्याची तक्रार समजू नकोस. वर्गात मागचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवलंय. न्यूयॉर्कला एका शाळेच्या शेजारून उंचावरची रेल्वे जायची. १९७५ मध्ये अर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी तिथल्या मुलांचं वाचन तपासलं. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं पलीकडच्या शांत वर्गांतल्या मुलांपेक्षा मागे होती, आणि सहावीपर्यंत ते अंतर जवळजवळ एका वर्षाचं झालं होतं. पुढे रुळांखाली रबर घातलं, वर्गांना आवाज शोषणारं छत केलं. पुन्हा तपासलं तेव्हा फरक उरला नव्हता. मुलं तशीच, शिक्षक तसेच, बदललं ते छत आणि रूळ.

म्हणून कौलारू छप्पर, चांगला उतार देऊन. मंगलोरी कौल हे १८६५ पासून मंगळुरात बनतं आणि किनाऱ्याने वर येत येत ते आपलंच होऊन गेलं. पाऊस त्याच्यावर वाजतो, पण बोलणं बुडवत नाही. तू म्हणशील, कौलं माकडं फोडतात आणि दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही. दोन्ही खरं. गावोगाव पत्रे आले ते लोकांना अक्कल नाही म्हणून नव्हे, याच दोन कारणांनी आले. शाळेच्या समितीने पत्राच धरला, तर अडून बसू नकोस. मात्र त्याच्याखाली माळा घाल. आपल्या जुन्या घरांत माजघरावर माळा असतो, तो काही फक्त भात आणि सुक्या नारळांसाठी नसे. ऊनही तोच अडवतो, आवाजही तोच.

बुर्किना फासोतल्या गांदो गावात फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये प्राथमिक शाळा बांधली, ती हेच करते. गावच्या मातीच्या विटांच्या भिंती, वर विटांचंच छत, आणि त्यापासून हातभर उचलून धरलेला पत्रा. पत्रा तापतो, पण मधल्या फटीतून वारा ती उष्णता घेऊन जातो. याच केरे यांना पुढे २०२२ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. फक्त ती फट जशीच्या तशी इथे उचलू नकोस. तिथे पावसाला आडवा वारा नसतो असं नाही, पण आपल्यासारखी चार महिने झड नसते. पश्चिमेची आणि दक्षिणेची फट झाकून घे, उत्तरेची उघडी ठेव. आणि पत्रा नुसता खिळ्यांवर सोडू नकोस. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडाकडे शाळांची छपरं कशी उचलून नेली ते आपण पाहिलंय.

आता हमरस्ता. मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरी-कोल्हापूर रस्ता आपल्या तिठ्यावर मिळतात. चौपदरीकरणाने गाड्यांचा वेग वाढला आणि रात्रंदिवस ट्रक. वर्गखोल्या रस्त्याकडे पाठ करून बसव. रस्त्याच्या अंगाला भांडारखोली, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह येऊ दे, त्या बाजूला जाड चिऱ्याची भिंत. झाडांची रांग लावून आवाज अडेल असं कुणी सांगितलं तर मान हलव आणि भिंतच बांध. एका रांगेतली झाडं डोळ्यांना बरी. ट्रक त्यांच्यातून आरपार ऐकू येतो.

दिशांचं सोपं आहे. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेव, म्हणजे पश्चिमेच्या झडीसमोर फक्त आखूड भिंत येईल. त्या भिंतीला खिडकी नको, आणि आतल्या बाजूला पुस्तकांचं कपाट तर मुळीच नको. श्रावणापर्यंत पानांना बुरशी येते. दक्षिणेला पडवी, चांगली आठ फुटांची, छप्पर तिच्याही बाहेर काढलेलं. उत्तरेला मोठ्या खिडक्या. सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला जातो तो मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. त्यातला बराच काळ सुट्टीचा, उरलेला ढगांचा. म्हणजे शाळेच्या वर्षभरात उत्तरेच्या खिडकीतून उजेड येतो, पण ऊन फळ्यावर पडून तो चकाकत नाही. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी एखाददुसरं काचेचं कौल बसव.

उजेडावर अमेरिकेत १९९९ मध्ये मोठा अभ्यास झाला, हेशाँग यांचा. कॅलिफोर्नियातल्या एका भागात सर्वांत उजेडी वर्गांतली मुलं वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के जास्त वेगाने पुढे गेली होती. लोक एवढंच सांगतात आणि भिंतभर काच लावतात. त्याच मंडळींनी २००३ मध्ये दुसऱ्या ठिकाणी पाहिलं तेव्हा तेवढा सरळ हिशेब निघाला नाही. डोळ्यांवर येणारं ऊन आणि वर्गातला गोंगाट मुलांना नडतो असं दिसलं, आणि खिडकीतून काय दिसतं यालाही महत्त्व आलं. म्हणून काच किती हे विचारू नकोस, उजेड कुठून येतो ते विचार.

खिडकीतून काय दिसतं, हे मात्र मी तुला उभं राहून पाहू देणार नाही. खाली बस. पहिलीचं मूल सतरंजीवर बसतं, त्याचे डोळे जमिनीपासून दोन फुटांवर असतात. आपले लोक खिडकीची खालची कड तीन-साडेतीन फुटांवर घेतात, कारण त्या उंचीवर साहेबाला बरं दिसतं. पोराला दिसतं फक्त आभाळ. जुन्या घरातली गजांची खिडकी आठव, ओटीवर मांडी घालून बसलं तरी अंगण दिसायचं. तेवढी खाली घे. इलिनॉयमध्ये ली आणि सलिवन यांनी पाच शाळांतल्या ९४ मुलांवर प्रयोग केला, २०१६ मध्ये छापून आला. ज्यांच्या खिडकीबाहेर हिरवाई होती त्यांचं थकलेलं लक्ष मधल्या सुट्टीत लवकर ताजंतवानं झालं. नुसती भिंत दिसणारी खिडकी आणि खिडकीच नसणं, यांत काही फरक पडला नाही.

पण हिरवाई भिंतीला चिकटवू नकोस. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मासिकांत कुणी लिहीत नाही. रत्नागिरीचा कातळ म्हणजे फुरशाचं घर. पायथ्याशी दाट झुडपं, वेलांच्या जाळ्या, ओल्या कुंड्यांच्या रांगा केल्यास की पहिला पाहुणा तोच येणार. भिंतीपासून दहा फूट स्वच्छ, पागोळ्यांखाली चिऱ्याचे तुकडे आणि चर, त्यापलीकडे झाडं. हद्दीला गडगा घाल, सिमेंटशिवाय रचलेला. पावसात त्याच्यावर शेवाळं येतं, नेचे येतात, गोगलगाई फिरतात; विज्ञानाचा अर्धा धडा तिथेच. मुलांना एवढंच बजाव की फटीत हात घालायचा नाही.

तुझ्या टिपणात वारूळ आहे, ते वाचून बरं वाटलं. झिम्बाब्वेत हरारे शहरी मिक पिअर्स यांनी वारुळावरून कल्पना घेऊन ईस्टगेट नावाची इमारत केली, १९९६ ची. नेहमीच्या वातानुकूलन यंत्राशिवाय चालते. पण ती का चालते ते नीट बघ. हरारे समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंच. रात्री गार होतं, तो गारवा इमारतीच्या जाड काँक्रीटमध्ये साठवून दिवसा वापरतात. आपल्याकडे जुलैत रात्र आणि दिवस यांत फरक तो काय? दोन्ही वेळा दमट. साठवायला गारवाच नाही. पुण्याजवळ लवळे इथे अवसरा अकादमी या मुलींच्या शाळेत केस डिझाइन या वास्तुविशारद संस्थेच्या लोकांनी जमिनीखालच्या बोगद्यांतून हवा गार करून खोल्यांत आणली आहे आणि उन्हाने तापणाऱ्या धुराड्यांतून ती वर ओढली आहे. एकदा जाऊन बघून ये, बांबूच्या पडद्यांसाठी तरी. ते पुण्याच्या हवेला शोभतं. आपल्या ओलीत तसला बोगदा घातला तर पहिल्याच पावसात त्यातून कुबट वास येईल असा माझा अंदाज आहे.

तरी वारूळ सोडू नकोस. नंतरच्या अभ्यासकांनी ते उकरून पाहिलं, तर आतली हवा सरळ वर जात नाही असं निघालं. बाहेरच्या वाऱ्याचे झोत भिंतीतल्या बारीक छिद्रांतून ती आतबाहेर हलवत राहतात. हे आपल्या उपयोगाचं. कोकणात खोली गार करता येत नाही, घामावर वारा फिरवता येतो. समोरासमोर खिडक्या ठेव, आणि वरच्या थरांत चिरे सोडून जाळी कर, म्हणजे सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची वेळ आली तरी पन्नास श्वास कोंडणार नाहीत. जाळी पागोळ्यांच्या आडोशाला हवी, आणि आतून बारीक तारेची, नाहीतर पाकोळ्या घर करतील. एक-दोन घरटी राहू दिलीस तर माझी हरकत नाही.

चिरा खाणीतून काढल्यावर लगेच लावू नका, एवढं गवंड्याला निक्षून सांग. ताजा जांभा मऊ असतो, हवा लागून कठीण होतो. त्याला भट्टी लागत नाही, म्हणून विटेपेक्षा तो जास्त निसर्गाचा. आतून चुना, बाहेरून दरजा भरून उघडा. रंगांच्या बाबतीत हात आखडता घे. सॅलफर्ड विद्यापीठाच्या पीटर बॅरेट यांनी २७ शाळांतले १५३ वर्ग तपासले. मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतला १६ टक्के फरक खोलीच्या रचनेने समजावता येतो असं त्यांना दिसलं. उजेड, हवा आणि तापमान यांचा त्यात मोठा वाटा. आणि भिंती अगदी ओक्याबोक्या नकोत, तशाच चित्रांनी गच्च भरलेल्याही नकोत. आपल्याकडे अनुदान आलं की पहिला खर्च हत्ती-जिराफ रंगवण्यावर होतो.

अंगणाला खोलीइतकाच मान दे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला मुलांच्या अंगणात, गुरं चरणाऱ्या कुरणात शाळा नेली, तेही कोकणच. आपल्या घरांपुढे पाऊस सरला की मांडव पडतो आणि मिरगाआधी निघतो. ऋतूप्रमाणे उघडझाप होणारं याहून स्वस्त छप्पर मला ठाऊक नाही. अंगणात खांबांसाठी चिऱ्यांत कायमची भोकं करून ठेव. माणगा बांबू आपल्याकडे होतो. तो टिकाऊ करण्याची प्रक्रिया कुडाळची कॉनबॅक संस्था करते. दिवाळीनंतर दुपारचे तास तिथे भरतील. झाडं बकुळ, आवळा, रातांबा, बहावा अशी. माड नको, नारळ डोक्यावर पडतो. फणस छपरापासून लांब.

छपराचं पाणी सोडू नकोस. शंभर चौरस मीटर छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. हे गणित चौथीच्या मुलांकडून करून घे. सगळं साठवता येणार नाही, पण टाकीभर धरलं तर पाऊस गेल्यावरही काही आठवडे स्वच्छतागृहाला पुरेल. उरलेलं विहिरीकडे वळव. ऑक्टोबरातल्या विजांसाठी छपरावर वीजरोधक हवाच.

शेवटचं पैशांचं. बांधायला निधी मिळतो, राखायला मिळत नाही; चांगल्या इमारती त्यामुळेच जातात. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. त्यांना आषाढातल्या एखाद्या दुपारी जुन्या पत्र्याच्या खोलीत बसव आणि तिथेच आराखडा समजावून सांग. ऐकू आलं नाही की ते स्वतःच छपराचं बोलतील. मग दर वैशाखात शाकारणी, पन्हळी साफ करणं आणि मांडव सोडवणं यांचा खर्च कुणी करायचा, ते त्याच सभेत ठराव करून इतिवृत्तात लिहून घे, आणि त्याच्यावर सगळ्यांच्या सह्या घे.