जुन्या ट्रकसाठी पॉवर स्टिअरिंग ऑइल कोणतं घ्यायचं?



सेकंड हँड गाडी घेऊन मालवाहतुकीचा धंदा सुरू करण्यावरच्या व्हिडिओत आपण इंजिन, टायर, पासिंग, इन्शुरन्स सगळं पाहिलं. स्टिअरिंगवर मात्र मी जेमतेम अर्धं मिनिट बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच : "सर, गाडी जुनी आहे, मॅन्युअल नाही, स्टिअरिंगमध्ये ऑइल कोणतं टाकू?" म्हणून आज फक्त यावरच बोलू.

आधी माझाच किस्सा सांगतो, कारण ही चूक मी पैसे मोजून शिकलोय.

मी भाजीपाल्याची वाहतूक करायचो, नाशिककडून मुंबईला. गाडी जुनी, कर्जावर घेतलेली. एकदा रात्री वळणावर स्टिअरिंग घरघर करायला लागलं. ड्रायव्हरने रस्त्यावरच्या एका गॅरेजला गाडी थांबवली. टाकीत ऑइल कमी होतं. मेकॅनिककडे ब्रेक ऑइलचा डबा होता, त्याने तेच ओतलं. "ऑइल ते ऑइल," असं काहीतरी म्हणाला असेल. आवाज थांबला, गाडी वेळेत मार्केटला पोचली आणि ड्रायव्हरने मला फोनवर अभिमानाने सांगितलं की फार खर्च न होता काम झालं. मीही त्याला शाबासकी दिली.

काही आठवड्यांनी स्टिअरिंग बॉक्सखाली तेलाचे थेंब दिसायला लागले. मग स्टिअरिंग एका बाजूला जड. शेवटी बॉक्स उघडला तर आतली रबरी सील फुगून मऊ पडलेली, हाताने तुटत होती. सील किट, मजुरी, नवं ऑइल, पंपाचं काम हे सगळं एकीकडे. खरा फटका वेगळाच होता. गाडी तीन दिवस उभी राहिली आणि ज्या व्यापाऱ्याचा माल मी रोज उचलायचो, त्याने दुसरी गाडी लावली. तो परत आलाच नाही. भाजी तीन दिवस थांबत नाही ना! हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला बँकेतून गेलाच.

असं का झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही.

पॉवर स्टिअरिंगमध्ये इंजिनवर चालणारा एक पंप असतो. तो तेलावर दाब निर्माण करतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. म्हणजे तेल इथे दोन कामं करतं : ताकद पोचवतं आणि त्याच पंपाला वंगण देतं. आतली सील ज्या रबराची असतात, ते रबर पेट्रोलियम तेलात टिकतं. ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल आहे. डॉट ३, डॉट ४ म्हणून मिळतं ते ग्लायकॉल जातीचं रसायन असतं, आणि स्टिअरिंगची सील त्यात खराब होतात. उलटही तितकंच खरं. ब्रेकची सील वेगळ्या रबराची असतात आणि ती पेट्रोलियम तेलात फुगतात. स्टिअरिंगचं तेल चुकून ब्रेकच्या टाकीत गेलं तर प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो. म्हणून दोन्हीसाठी फनेलसुद्धा एकच वापरायचं नाही. माझ्याकडे आजही दोन फनेल आहेत. एकावर लाल चिकटपट्टी, एकावर पिवळी. लोक हसतात, हसू देत.

आता मूळ प्रश्न. कोणतं घ्यायचं?

पहिलं बघायचं टाकीचं झाकण. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर किंवा टाकीवर ऑइलचा प्रकार छापलेला असतो. जुन्या गाडीत त्यावर काजळीचा थर असतो, तेव्हा डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा आणि वाचा. तिथे नसेल तर स्टिअरिंग बॉक्सवरची धातूची पट्टी शोधा. ट्रक बनवणारी कंपनी वेगळी आणि स्टिअरिंग बनवणारी कंपनी वेगळी, असं आपल्याकडे सर्रास असतं. पट्टीवर कंपनीचं नाव आणि नंबर मिळाला की तो आणि चॅसिस नंबर घेऊन अधिकृत पार्ट्सवाल्याकडे जायचं. त्याच्याकडून प्रकाराचं नाव कागदावर लिहून घ्यायचं, नुसतं तोंडी नको.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रकना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनलेलं पातळ तेल सांगितलेलं असतं. त्यात डेक्सरॉन टू किंवा थ्री हे नाव तुम्हाला दिसेल. डेक्सरॉन हे अमेरिकेच्या जनरल मोटर्सचं नाव आहे. तिने डेक्सरॉन थ्रीची लायसन्स २००६ च्या शेवटी बंद केली. त्यामुळे आज दुकानात डेक्सरॉन थ्री लिहिलेली बाटली दिसते तेव्हा त्या दर्जाची हमी जनरल मोटर्सची नसते, बाटली भरणाऱ्या कंपनीची असते. म्हणून इथे ब्रँड बघायचा, सील बघायचं आणि पक्कं बिल घ्यायचं. सुटं, ड्रममधून काढून दिलेलं तेल नको. जिथे टू लिहिलंय तिथे साधारणपणे थ्री चालतं. डेक्सरॉन सिक्स मात्र त्याहून पातळ आहे. "नवीन आहे म्हणजे चांगलंच" या हिशोबाने जुन्या पंपात ते ओतू नका, आधी स्टिअरिंग कंपनीच्या माणसाला विचारा.

काही गाड्यांना एटीएफ नाही, वेगळं सिंथेटिक हायड्रॉलिक तेल लागतं. ते बहुधा हिरवं असतं आणि महाग असतं. महाग आहे म्हणून त्याच्या जागी लाल एटीएफ भरायचं नाही, आणि दोन्ही मिसळायची तर अजिबात नाहीत.

रंगावरून आठवलं. "लाल म्हणजे स्टिअरिंगचं" हा आपल्याकडचा पक्का समज. लाल हा फक्त घातलेला रंग आहे. इंजिनचं कूलंटसुद्धा लाल-गुलाबी मिळतं! रंग बघून खरेदी करायची नाही, नाव वाचून करायची.

गाडी नुकतीच घेतली असेल तर आधीच्या मालकाने आत काय काय ओतलंय हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी टॉप-अप करत बसू नका, सगळं ऑइल बदला. त्याआधी थोडं पांढऱ्या कागदावर टाकून बघा. काळं आणि जळका वास म्हणजे तेल संपलेलं. दुधी म्हणजे पाणी गेलंय. चमकणारे कण दिसले तर पंप किंवा बॉक्स आतून झिजतोय, आणि हे गाडी घेण्याआधीच दिसलं तर किंमत पाडून मागा. काही विकणारे गळती लपवायला सील फुगवणारं औषध टाकून देतात. चार दिवस गळती थांबते, मग पुन्हा सुरू होते. म्हणून बॉक्स नुकताच धुऊन लखलखीत केलेला दिसला की मला तरी आधी शंका येते.

बदलण्याचं काम मेकॅनिककडून करून घ्या, पण उभं राहून बघा. टाकीत फिल्टर असेल तर तो बदलला पाहिजे. नवं तेल भरताना पुढची चाकं उचलून, खाली स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवायचं आणि पातळी उतरेल तसं तेल भरत राहायचं. हवा निघाली की मगच इंजिन चालू. कोरड्या पंपावर इंजिन फिरवलं तर नवा पंपही खराब होतो. नंतर टाकीत फेस दिसत असेल तर हवा अजून आत आहे, गाडी न्यायची घाई करू नका.

ड्रायव्हरला एक गोष्ट सांगून ठेवा. स्टिअरिंग पूर्ण वळवून टोकाला दाबून धरायचं नाही. पाच सेकंदांच्या आत थोडं सोडायचं. तिथे दाब कमाल होतो आणि तेल झपाट्याने तापतं. गाळ्यावर गाडी लावताना हेच सगळ्यात जास्त होतं.

आणि ज्या एका बाटलीने माझं गिऱ्हाईक वाचलं असतं, ती ही : योग्य प्रकारच्या ऑइलची एक लिटरची सीलबंद बाटली सीटखाली ठेवायची. टाकीच्या झाकणावर ऑइलचं नाव ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहायचं, शेजारी "ब्रेक ऑइल नको" असंही. रात्री दोन वाजता घाटाच्या पायथ्याशी ड्रायव्हर तुम्हाला फोन करणार नाही, तो समोर जे लिहिलंय आणि हाताशी जे आहे तेच वापरेल. बाटलीचा खर्च गाडीच्या वहीत वेगळ्या ओळीत लिहा, तारीख आणि किलोमीटरसकट. बाटली लवकर लवकर संपायला लागली तर ती नोंदच सांगेल की कुठेतरी गळतंय, आणि मग पुढची बाटली घेण्याआधी गाडीखाली वाकून बघा.