मानेतली गाठ : घाबरू नका, लपवूही नका

मुलाला आंघोळ घालताना मानेला हात लागतो आणि बोटाखाली हरभऱ्याएवढी गाठ सरकते. आई घाबरते. शेजारीण म्हणते, "उष्णतेची असेल, चुना-गूळ लाव." घाबरण्याआधी आणि लेप लावण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ.

मानेत, कानामागे आणि जबड्याखाली लसिका ग्रंथी असतात. त्या शरीराच्या चौक्या आहेत. जवळपास कुठे जंतू शिरले की त्या भागाची चौकी सुजते. म्हणून गाठ दिसली की तिच्या आसपासचा भागही पाहावा. हात धुवा, माणसाला उजेडात बसवा आणि क्रमाने बघा.

डोके : गाठ कानामागे किंवा मानेच्या मागे असेल तर केस बाजूला करून पाहा. उवांमुळे खाजवून झालेल्या पुळ्या हे मुलांमधले नेहमीचे कारण आहे.

कान : कान वाहतो का? त्यात तेल किंवा काडी घालू नका. कानामागे लाल सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोंड व घसा : गाठ जबड्याखाली असेल तर बॅटरीच्या उजेडात किडलेली दाढ, हिरड्या आणि टॉन्सिल पाहा.

मान : समोर मध्यभागी गाठ असेल तर घोटभर पाणी प्यायला सांगा. गिळताना गाठ वर-खाली झाली तर ती बहुधा थायरॉईडची असते. तिची तपासणी वेगळी असते.

डोळे : खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग फिकट पांढरट असेल तर रक्त कमी असू शकते. हे डॉक्टरांना सांगा.

सर्दी, घसा, दाढ किंवा पुळ्यांमुळे आलेली गाठ सहसा लहान, मऊ आणि सरकणारी असते. दाबली तर दुखते. मूळ दुखणे बरे झाले की ती दोन-तीन आठवड्यांत ओसरू लागते.

मात्र दोन आठवडे होऊनही गाठ कमी झाली नाही, वाढत गेली, कडक किंवा एका जागी घट्ट वाटली, दोन-चार गाठी एकमेकींना चिकटल्या, किंवा सोबत संध्याकाळचा ताप आणि वजनात घट असेल, तर थांबू नका. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर आलेली गाठ लगेच दाखवा.

अशी गाठ टीबीची असू शकते. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. ती बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. पुढे ती फुटून वाहू लागते. सुईने थोडा नमुना घेऊन तपासणी होते; त्या सुईने टीबी पसरतो ही भीती खोटी आहे. उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होण्याची योजनाही आहे. औषध चालू असताना गाठ काही काळ मोठी झाली तरी गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

फक्त गाठीचा टीबी भांड्यांतून किंवा श्वासातून दुसऱ्याला होत नाही. सोबत फुप्फुसाचा टीबी नाही ना, हे मात्र तपासून घ्यावे लागते. तेव्हा लग्नाच्या मुलीची गाठ ओढणीखाली झाकून ठेवण्यात तिचेच नुकसान आहे.

मिश्री, मावा, तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांनी आरशात आपले तोंडही पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटे उभी आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, आणि जबड्याखाली कडक गाठ ही कॅन्सरची खूण असू शकते. लवकर सापडला तर उपचार सोपे जातात.

श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा थुंकीही गिळता येत नसेल तर १०८ वर फोन करा.

गाठ सापडली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. चौदा दिवसांनी पुन्हा हात लावून पाहा. गाठ तशीच असेल तर आशाताईंना सोबत घेऊन दवाखान्यात जा. गंडादोरा, डाग देणे, चोळणे यात ते चौदा दिवस आणि पुढचे महिने वाया घालवू नका.